जाम नटाची समजूत

शिरूर असो वा दौंड, जुन्या गाड्यांच्या गॅरेजात एक वाक्य हमखास कानी पडते : 'नट हलेना!' हा बहुधा चाकाच्या मधला, अ‍ॅक्सलचा नट असतो. १९७२ साली बाजारात आलेली चेतक स्कूटर आपल्याकडे अधूनमधून अजून दिसते. तिच्या मागच्या चाकाचा ड्रम काढायचा, तर आधी हाच नट सोडवावा लागतो.

नट जाम का होतो? थोडा गंज, थोडे चिखलपाणी आणि बरेचसे माणसाचे भय. चाक निखळू नये म्हणून कुणीतरी पान्याला पाइप लावून त्यावर सगळे वजन टाकलेले असते. घट्ट म्हणजे मजबूत, असा आपला समज. पण मापाबाहेर आवळले की आटे ताणले जातात. जीप-ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात बेअरिंगवर फाजील दाब येतो, ती तापते आणि भर रस्त्यात चाक अडू शकते.

शिरूरच्या एका गॅरेजात मी कधीमधी टेकतो. पोरगा विचारतो, "उस्ताद, पाइप लावू?" उस्ताद म्हणतात, "आधी पिन काढली का ते बघ." नटाच्या खाचेतली स्प्लिट पिन विसरून जोर लावणारे कमी नाहीत. पिन काढायची, तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे, गंज सोडवणारे तेल टाकायचे आणि रात्रभर थांबायचे. सकाळी चाक जमिनीवर टेकलेले, गाडी गियरमध्ये, एकाचा पाय ब्रेकवर. नटावर नेमका बसणारा गोटी पाना, त्याला लांब दांडी, आणि सावकाश वाढवलेला जोर.

जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीला हिसका देऊ नये, ती अंगावर येते. हवा भरलेल्या टायरजवळ गॅसची ज्योत नेऊ नये, टायर फुटून जीव जाऊ शकतो. एवढे करूनही नट हलला नाही, तर आटे सांभाळून तो छन्नीने फोडावा. नट नवा मिळतो, बोटे मिळत नाहीत.

बसवताना पिन नवी घालावी आणि नट गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाने, टॉर्क पान्याने आवळावा. चाकाच्या बाकी नटांनाही हाच नियम. शिरूरहून न्हावरेमार्गे दौंडकडे निघालेल्या कुणाचे चाक रात्री पंक्चर होईल, तेव्हा त्याच्या हाती गाडीतला आखूड पानाच असेल. आवळताना त्या माणसाची आठवण ठेवावी.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)