वीज वाहावी, उष्णता वाहू नये



उकळत्या आमटीत पितळी पळी ठेवली, तर थोड्याच वेळात तिचा दांडा धरवत नाही. चिनी मातीच्या कपाचा कान मात्र धरता येतो. धातू उष्णता झपाट्याने नेतो, भाजलेली माती ती अडवते. जो धातू वीज चांगली नेतो तो उष्णताही चांगली नेतो, हे १८५३ साली वीडेमान आणि फ्रान्त्स यांनी दाखवून दिले. कारण दोन्ही ओझी वाहणारा हमाल एकच, मुक्त इलेक्ट्रॉन.

ही जोडी नडते कोठे, एवढाच प्रश्न आम्ही आज घेतला आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न येथील मोठ्या कण-वेगवर्धक यंत्राची चुंबके १.९ केल्विनला, म्हणजे शून्याखाली २७१ अंशांवर, द्रव हेलियमात असतात. त्यांना १३,००० अँपिअरपर्यंत प्रवाह बाहेरच्या उबदार जगातून पुरवावा लागतो. तो तांब्याने नेला, तर हजार अँपिअरमागे सुमारे १ वॉट उष्णता आत झिरपते. १ वॉट म्हणजे क्षुल्लक, असे वाटेल. पण तेवढ्याने तासाला सुमारे १.४ लिटर द्रव हेलियम उकळून जाते, आणि ती उष्णता उपसून काढायला काही शे वॉट खर्चावे लागतात.

वाट सापडली ती सिरॅमिकमध्ये. १९८६ साली बेडनॉर्त्स आणि म्यूलर यांनी झुरिकजवळ तांब्याच्या ऑक्साइडचे अतिसंवाहक सिरॅमिक शोधले. पुढल्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या पदार्थांची रचना घडीच्या पोळीसारखी असते: तांबे-ऑक्सिजनचे पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये इतर अणूंचे थर. अतिसंवाहक अवस्थेत इलेक्ट्रॉन जोडीने चालतात. अशी जोडी वीज विनारोध नेते; उष्णता मात्र नेत नाही, कारण उष्णता म्हणजे अव्यवस्था, आणि जोड्या शिस्तीत बांधलेल्या असतात. उरते अणूंच्या कंपनांतून जाणारी उष्णता. ती पापुद्र्याच्या अंगाने बरी जाते, एका पापुद्र्यातून दुसऱ्यात कष्टाने. पुष्कळ खाली गेल्यावर कंपनेही विरळ होतात: तापमान निम्मे झाले की त्यांची उष्णताधारणा अष्टमांशावर येते, हा डेबायचा १९१२ सालचा नियम.

म्हणून सर्नमध्ये वरचा भाग तांब्याचाच ठेवून, सुमारे ५० केल्विनच्या खाली बिस्मथयुक्त सिरॅमिकच्या फिती वापरल्या. त्यांना शुद्ध चांदीचे वेष्टन दिले असते, तर चांदीनेच उष्णता आत आणली असती. म्हणून चांदीत थोडे सोने मिसळले. थंड टोकाशी पोचणारी उष्णता त्यामुळे सुमारे दहापट घटली.

वीडेमान-फ्रान्त्स यांचा नियम सामान्य धातूंपुरता आजही उपयोगी आहे. येथे हमालच बदलला, म्हणून विजेला वाट मिळाली आणि उष्णता बहुतांशी दाराबाहेर राहिली.