तिला कुणी विचारलं होतं?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण)



मुलामुलींना ग्रीक पुराणकथा सांगायला बसलं की मी आधी अडते ती शब्दांपाशी. या कथांत देव मुलींना पळवतात, फसवतात, जबरदस्ती करतात. मुलांच्या पुस्तकांत मात्र हे सगळं ‘प्रेमात पडला’, ‘लग्न केलं’ अशा गोड शब्दांखाली झाकलं जातं. मुलं लहान आहेत, त्यांना कशाला सांगायचं, असा त्यामागचा विचार. पण यातून मुलगी शिकते काय? ओढून नेणं हेही प्रेमच असतं, हे!

पर्सेफोनीची गोष्ट घ्या. इसवी सनापूर्वी ७व्या-६व्या शतकातल्या, डिमीटर देवीवरच्या स्तोत्रात ती आहे. पर्सेफोनी मैत्रिणींबरोबर फुलं वेचत असते. जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून नेतो. ती किंचाळते. बापाने, म्हणजे झ्यूसने, हे लग्न परस्पर ठरवलेलं असतं. आईला विचारलेलं नाही, मुलीला तर नाहीच. हे मी पदरचं घातलेलं नाही. तिच्या मनाविरुद्ध नेलं, असं मूळ स्तोत्रच सांगतं.

आई मशाली घेऊन नऊ दिवस वणवण फिरते. शेवटी सूर्यदेव खरं सांगतो आणि वर समजूत घालतो, की जावई काही वाईट नाही! ‘स्थळ चांगलं आहे’ हे किती जुनं आहे बघा. पण डिमीटर धान्याची देवी. ती बी उगवूच देत नाही. माणसं उपाशी मरू लागतात, देवांचे नैवेद्य बंद पडायची वेळ येते. तेव्हा कुठे झ्यूस नमतो. हेडीसने गुपचूप डाळिंबाचा दाणा खायला घातल्यामुळे मुलगी वर्षाचा एक तृतीयांश काळ पाताळात राहते, पण उरलेला काळ आईला परत मिळतो. मुलांच्या पुस्तकांत याची ‘हिवाळा का येतो’ एवढीच गोष्ट उरते. आईचा संप त्यातून गळून जातो.

मराठीत सांगताना आणखी एक पेच आहे. आपण सीताहरण म्हणतो आणि रुक्मिणीहरणही म्हणतो. एकीला बळजबरीने नेलं, दुसरीने स्वतः निरोप धाडून बोलावलं. शब्द मात्र एकच! म्हणून पर्सेफोनीचं ‘हरण झालं’ असं मी म्हणत नाही. ‘ती नको म्हणत होती, तरी नेलं’, असं सरळ सांगते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना एवढं नक्की कळतं. भयानक तपशील सांगायची गरज नसते.

मेड्युसाचंही तसंच. हेसिअडच्या काव्यात ती तीन गॉर्गन बहिणींपैकी एक, मर्त्य असलेली. पुढे रोमन कवी ओव्हिड सांगतो, की समुद्रदेवाने देवळात तिच्यावर अत्याचार केला आणि देवीने तिच्याच केसांचे साप केले. मी मुलांना दोन्ही सांगते आणि विचारते, शिक्षा कुणाला झाली?

मात्र नायिकेच्या हाती तलवार दिली की स्त्रीची बाजू मांडून झाली, असं मला वाटत नाही. मार्गारेट अ‍ॅटवूड यांनी २००५ साली ‘पेनेलोपिअड’ लिहिलं. त्यात राणी पेनेलोपी बोलते, तशाच तिच्या फाशी दिलेल्या बारा दासीही बोलतात. ‘ओडिसी’त त्यांच्या मरणाला मोजक्या ओळी मिळाल्या होत्या. राणीला आवाज मिळाला, पण दासीचं काय, हा प्रश्न आपल्या चळवळीलाही नवा नाही. ते पुस्तक मोठ्यांसाठी आहे. मुलांसाठी आपल्यालाच सांगावं लागेल.

तेव्हा आपापल्या गटांत यातली एक तरी गोष्ट सांगून पाहा. मध्येच थांबा आणि विचारा: तिला कुणी विचारलं होतं का? मुली काय म्हणतात ते ऐका, मुलगे काय म्हणतात तेही ऐका. आणि आम्हाला जरूर लिहून कळवा.