खाचरातला कार्बन: राबापासून वालापर्यंत



उन्हाळा सरत आला की खोपोली, खालापूर, कर्जतच्या पट्ट्यात बांधाबांधावरून धूर दिसू लागतो. राब भाजायचे दिवस असतात. खाली शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळीची कवळं, पालापाचोळा, वर थोडी माती, आणि मग काडी लावायची. जे जळतं त्याच्या कोरड्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. झाडानं तो हवेतूनच घेतलेला असतो.

भाताचं रोपही हेच करतं. पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, उन्हाच्या बळावर त्याची साखर करतात आणि त्यातून दाणा, पेंढा, मुळं घडतात. दाणा घरात जातो, पेंढा गोठ्यात. मुळं मातीत राहतात आणि जिवाणू, बुरशी, गांडुळं त्यांच्यावर जगतात. त्यातला बराचसा कार्बन त्यांच्या श्वासावाटे पुन्हा हवेत जातो. थोडा मात्र मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षं राहतो. जगभरच्या मातीत वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. हवेत आहे त्याच्या दीडपटीहून हे जास्त भरतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बोरघाट चढणाऱ्या ट्रकच्या धुरातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली तेलात बंद होता. तो हवेत नव्यानं भर घालतो. राबाच्या धुरातला कार्बन अलीकडेच हवेतून आलेला असतो आणि ऐनाला नवी पालवी फुटली की पुन्हा झाडात जातो. तेव्हा हवामानबदलाचं खापर राब भाजणाऱ्या शेतकऱ्यावर फोडणं अन्यायाचं आहे. राबावरून ठाणे-कुलाबा भागातले शेतकरी आणि जंगल खातं यांचा तंटा इंग्रजी अमलात इतका पेटला होता, की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा. राबामागचं शेतकऱ्याचं गणितही खरं आहे: तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, आणि पहिल्या पावसावर रोपं जोमानं उठतात.

माझी हरकत वेगळी आहे. जो पाला, जे शेण मातीच्या पोटात जायला हवं, ते आपण तासाभरात हवेत सोडतो. मातीला उरते ती राख, आणि राखेत कार्बन जवळजवळ नसतो. कोकणातल्या उन्हापावसात सेंद्रिय पदार्थ आधीच झपाट्यानं कुजतो. जिथे खर्च इतका, तिथे जमाही तेवढीच हवी.

यावर आपल्याच मराठी शास्त्रज्ञानं, डॉ. नारायण सावंत यांनी, चारसूत्री भात लागवड दिली. रोपवाटिकेत राबाऐवजी भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. खाचरात गिरिपुष्पाचा हिरवा पाला घालायचा, गुंठ्याला साधारण ३० किलो. चिखलणीच्या आठवडाभर आधी फांद्या खाचरात पसरून ठेवा. पानं गळून पडतात, काड्या उचलून चुलीला न्या. बांधावर गिरिपुष्प लावलं की कवळांसाठी डोंगर चढायचीही गरज राहत नाही. उरलेली दोन सूत्रं नियंत्रित लावणीची आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोल खोचण्याची. गोळी चिखलात खोल गेली की नत्र वाहून जात नाही आणि खतही कमी लागतं.

आता चिखलणीकडे येऊ. नांगरणी आणि चिखलणीनं मातीचे रवाळ खडे मोडतात. या खड्यांच्या आत दडलेला कार्बन जिवाणूंपुढे उघडा पडतो. त्यात पाणी साचलं की खाली हवा शिरत नाही आणि प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजीव मिथेन सोडू लागतात. भाताच्या खोडात मुळांना हवा पोचवणाऱ्या पोकळ्या असतात. त्याच वाटेनं मिथेन वर येतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. म्हणून कच्चा पेंढा भरल्या पाण्यात गाडू नका, त्यानं मिथेन वाढतो. तो शेणाबरोबर कुजवून मगच घाला.

चिखलणीशिवाय भात येतो का? येतो, आणि त्याचं उदाहरण नेरळमध्ये आहे. सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस टेक्निक, म्हणजे एसआरटी, आपल्याच कर्जत तालुक्यात उभं केलं. एकदा गादीवाफे करायचे, लोखंडी साच्यानं २५ सेंटिमीटरवर भोकं पाडायची आणि बी थेट टोकायचं. आवण काढणं नाही, लावणी नाही. कापणीनंतर नांगर घालायचा नाही. धसकटं आणि मुळं जागेवर कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा टोकायचा. अशा वाफ्यातलं एखादं जुनं धसकट हातानं उपटून पाहा. मुळं कुजून गेलेल्या जागी बारीक पोकळ वाटा दिसतील. पाणी आणि हवा त्यातूनच खाली उतरतात.

या पद्धतीत तणनाशक वापरतात आणि तिथे मी सावध राहायला सांगेन. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारनं २०२२मध्ये निर्बंध घातले आहेत. तालुका कृषी कार्यालयात विचारल्याशिवाय फवारणी करू नका आणि उल्हास, पाताळगंगेला मिळणाऱ्या ओहोळांच्या कडेला तर नकोच. दुसरं म्हणजे, चार वर्षं साठवलेला कार्बन एका नांगरटीत उधळायला लागतो. धरायची तर पद्धत नेटानं धरा.

राजनाला कालव्याखाली, म्हणजे भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर, उन्हाळी भात करणाऱ्यांना आणखी एक उपाय हातात आहे. पावसाळ्यात पाणी आपल्या हाती नसतं, उन्हाळ्यात असतं. १० ते १५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब पाइपाचा तुकडा घ्या. खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा, तेवढा भाग खाचरात रोवा आणि आतली माती काढून टाका. लावणीनंतर पहिले पंधरा दिवस तणासाठी पाणी ठेवा. मग आत डोकावत जा. पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरलं की मगच पाणी द्या. फुलोऱ्याच्या काळात मात्र खाचर सुकू देऊ नका. मधूनमधून हवा लागल्यानं मिथेन बराच घटतो आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यालाही पाणी पोचतं.

एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण आठ लाख किलो माती असते. तिच्यातला सेंद्रिय कार्बन ०.१ टक्क्यानं वाढला, तर सुमारे ८०० किलो कार्बन जमिनीत मुरला. म्हणजे हवेतला जवळजवळ तीन टन कार्बन डायऑक्साइड. पण या वाढीचा पहिला फायदा तुमचा आहे: ओल टिकते, खत धुपत नाही, आणि वालाला डिसेंबरातही जमिनीत गारवा मिळतो. ही वाढ एका हंगामात होत नाही, काही वर्षं लागतात, आणि पुढे एका पातळीला ती थांबते. कार्बन क्रेडिटचे पैसे उद्या मिळतील या आशेवर कुणी कागदावर सही मागितली, तर आधी कागद नीट वाचून घ्या.

सुरुवात माती परीक्षणानं करा. मृद आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कार्बनाचा रकाना असतो. ०.४ टक्क्याच्या खाली असेल तर जमीन उपाशी आहे असं समजा. नमुना पहिल्या पावसाआधी, खत टाकण्याआधी घ्या. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा आणि राब भाजलेला तुकडा टाळा. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवून, कापडी पिशवीत भरून, गट नंबर लिहून प्रयोगशाळेत द्या. दोन-तीन वर्षांनी त्याच खाचराचा, त्याच महिन्यात पुन्हा नमुना घ्या आणि दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून वाचा.