फॉर्म कोणाच्या फोनवर उघडतो?

(बंगळुरूमधल्या मराठी भाषिक आंबेडकरी तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी सॉफ्टवेअरमध्ये आहेत, म्हणून आज कामाचंच बोलतो. ब्राउझरमधले फरक हा विषय आपल्या सभांमध्ये कधी निघत नाही. आरक्षण, ऑफिसमधला जातिभेद, आडनावावरून होणारी चौकशी यावर आपण बोलतो, बोललंच पाहिजे. पण आपण रोज जे बनवतो ते आपल्याच माणसांच्या हातात पोचतं का, हे कोण विचारणार?

शिष्यवृत्तीचा अर्ज घ्या. मुलगी गावाकडे, घरात एकच स्मार्टफोन, तोही जुना. पान उघडतं, चक्र फिरत राहतं, 'पुढे' हे बटण काही चालत नाही. मग ती सायबर कॅफेत किंवा सेतू केंद्रात जाते. तिथे पैसे जातात, हे एक. शिवाय जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक, ओटीपी येणारा फोन, सगळं काउंटरपलीकडच्या माणसाच्या हाती द्यावं लागतं. तो गावातलाच. रांगेत मागे उभे असलेलेही गावातलेच. आणि तो मोठ्याने विचारतो, "कॅटेगरी कोणती?" आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो प्रश्न त्या रांगेत ऐकलाय. आमच्या धंद्यात याला 'ब्राउझर सपोर्टचा मुद्दा' म्हणतात, आणि कामांच्या यादीत तो सगळ्यात खाली असतो.

आता यामागचं तंत्र. न कळणारा एचटीएमएल टॅग आला तर ब्राउझर त्याच्याकडे दुर्लक्ष करतो, आतला मजकूर मात्र दाखवतो. सीएसएसची न कळणारी ओळ तो सोडून देतो. जावास्क्रिप्ट इतकी उदार नाही. २०२० मध्ये क्रोममध्ये ऑप्शनल चेनिंग आलं, म्हणजे प्रश्नचिन्ह आणि टिंब, एवढंच. जुन्या ब्राउझरला ते कळत नाही, आणि तो ती एक ओळ नव्हे, अख्खी फाइल नाकारतो. बटण, तारीख, तपासणी सगळं त्याच फाइलमध्ये असेल तर पान मेलं. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनचा ब्राउझर फायरफॉक्सच्या २०१६ सालच्या इंजिनावर चालतो. ऑपेरा मिनीच्या जास्त बचतीच्या मोडमध्ये पान आधी त्यांच्या सर्व्हरवर तयार होतं, लहान करून फोनवर येतं, आणि स्क्रिप्टला चालायला फार थोडा वेळ मिळतो.

२००३ मध्ये स्टीव्हन चॅम्पियन आणि निक फिंक यांनी अमेरिकेत ऑस्टिनच्या एका परिषदेत यावर एक पद्धत मांडली, प्रोग्रेसिव्ह एनहान्समेंट. आधी भाकरी, मग कालवण. साधा एचटीएमएल फॉर्म असा करायचा की तो स्क्रिप्टशिवाय भरता येईल आणि सर्व्हरकडे जाईल. त्यावर सीएसएस. त्यावर स्क्रिप्टच्या सोयी, ज्याच्या फोनला झेपतील त्याला. तपासणी सर्व्हरवर झालीच पाहिजे, फोनवरची फक्त सोय. तारखेचा खास रकाना जुन्या ब्राउझरमध्ये आपोआप साधा मजकुराचा रकाना होतो, काही बिघडत नाही. देवनागरीचे वेबफॉन्ट जड असतात. ते येईपर्यंत फोनच्या स्वतःच्या फॉन्टात मजकूर दिसू द्या.

आणि 'कृपया क्रोम वापरा' ही पाटी काढून टाका. ब्राउझर स्वतःचं नाव काय सांगतो त्यावर विसंबून राहू नका; क्रोमसुद्धा आपल्या ओळखीत मोझिला आणि सफारी ही नावं लावतो. नाव विचारू नका, काय जमतं ते विचारा. (हे वाक्य मी मुलाखत घेणाऱ्यांनाही ऐकवत असतो.)

आपल्या याच शहरातलं एक उदाहरण आहे. फ्लिपकार्टने २०१५ मध्ये मोबाइलवरची वेबसाइट बंद करून लोकांना अ‍ॅपकडे वळवलं. त्याच वर्षी मे महिन्यात मिंत्रा तर फक्त अ‍ॅपवर गेली. नोव्हेंबरात फ्लिपकार्टला 'फ्लिपकार्ट लाइट' नावाने वेबवर परतावं लागलं. गूगलने दिलेल्या माहितीनुसार तिथे येणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोक टूजीवरून येत होते. त्यामागचं सर्व्हिस वर्कर हे तंत्र तेव्हा मोजक्याच ब्राउझरमध्ये होतं, सफारीत ते २०१८ मध्ये आलं. पण ते नसलं म्हणून पान अडत नाही, नेट नसताना चालण्याची सोय तेवढी जाते. बाजाराला गिऱ्हाईक गमावणं परवडत नाही, म्हणून तो काही महिन्यांत परत आला. शिष्यवृत्ती मागणारी मुलगी कोणाचं गिऱ्हाईक आहे?

मॅनेजरचं ठरलेलं उत्तर असतं, "आकडे बघा, जुन्या ब्राउझरवरून कोणी येतच नाही." बहुतेक ठिकाणी ते आकडे मोजणारी स्क्रिप्ट जावास्क्रिप्टच असते. ज्याचं पान मेलं तो मोजलाच जात नाही. मोजलं न जाणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१३ मध्ये वेगळ्या पद्धतीने मोजलं. १.१ टक्के लोकांपर्यंत जावास्क्रिप्टच्या सोयी पोचत नव्हत्या, आणि त्यांत ती बंद केलेले किंवा नसलेले फक्त ०.२ टक्के. बाकीच्यांचा ब्राउझर स्क्रिप्ट चालवू शकत होता, तरी ती चालली नव्हती. म्हणजे नवा फोन असणाराही सुटत नाही. घाटात रेंज गेली की संपलं.

मुंबई विधिमंडळाने बोले ठराव १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे जावं लागलं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या प्रकरणात, अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडिता आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर, डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला. हाही कागद चांगलाच आहे.

उद्या सोमवार. ऑफिसात आपलं पान उघडा, जावास्क्रिप्ट बंद करा आणि फॉर्म भरून पाठवून बघा. घरात पडलेला जुना फोन असेल तर तो घेऊन जा, मीटिंगमध्ये टेबलावर ठेवा आणि साहेबांना त्यावरच डेमो द्यायला लावा. कोणाला अडचण आली तर मी मागच्या बाकावर बसलोय, चहाच्या वेळी बोलू.

जय भीम.