सिसिलीतील देवळे

सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, अग्रिजेंतो येथे, एका डोंगरसोंडेवर ग्रीकांची देवळे ओळीने उभी आहेत. खाली बदामाची झाडे, पलीकडे समुद्र. यांतले सर्वांत विशाल देऊळ झ्यूसचे. आज तेथे केवळ दगडांचा ढिगारा आहे. भूकंपांनी ते पाडले आणि अठराव्या शतकात त्याचे चिरे जवळच्या बंदराच्या धक्क्यासाठी गेले. त्याच ओळीतले, काँकॉर्डियाच्या नावाने ओळखले जाणारे मंदिर मात्र जवळजवळ अखंड आहे. कारण सहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे चर्च झाले. त्यासाठी गाभाऱ्याच्या भिंतींत कमानी फोडल्या. त्या पाहून मी आधी हळहळलो, खोटे कशाला सांगू?

पुढे पूर्व किनाऱ्यावरील सिराकूझाला गेलो, तेव्हा ती हळहळ ओसरली. तेथील कॅथीड्रलच्या भिंतीतून इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या अथीनाच्या मंदिराचे डोरिक स्तंभ डोकावतात. मंदिराचे चर्च झाले, अरबांच्या अमलात मशीद, पुन्हा चर्च; दर्शनी भाग तर १६९३ च्या भूकंपानंतरचा. आत गेलो तेव्हा एका स्तंभाशी बाजाराची पिशवी टेकवून एक वृद्धा प्रार्थना करीत होती.