लॉ कॉलेज चौक ते कळमना

(कळमना परिसरातील बचत गटांच्या बायका, महिला कार्यकर्त्या आणि कायद्याच्या काही विद्यार्थिनी यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)

मैत्रिणींनो,

आज मला विद्यापीठ, लॉ कॉलेज आणि आपण यांविषयी बोलायला सांगितलं आहे. विषय ऐकल्याबरोबर मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "बाप्पा, आमचा अन् विद्यापीठाचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. विद्यापीठाच्या बातम्या आपण पेपरात वाचतो किंवा वाचणाऱ्याकडून ऐकतो. निकाल लांबला, फी वाढली, शिष्यवृत्ती अडकली, विद्यार्थी मोर्चा घेऊन गेले. घरात शिकणारी मुलगी असेल तर या बातम्या आपल्या असतात, नसेल तर दुसऱ्या कुणाच्या तरी.

आपल्या शहरातलं विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं. २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखलं जातं. विद्यापीठाचं कायद्याचं महाविद्यालय १९२५ चं, आज त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. ज्या चौकाला आपण सगळे लॉ कॉलेज चौक म्हणतो, तो त्याच्यामुळेच. २०१६ पासून नागपुरात राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे, शहराबाहेर वारंग्याला. म्हणजे कायदा शिकवायला आपल्या गावात जागांची कमी नाही. तरी तो कायदा कळमन्यात किती पोचतो? याच प्रश्नावर मला बोलायचं आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे.

आधी थोडी जुनी गोष्ट. इथल्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांना मथुरा केस आठवत असेल. मथुरा ही आपल्याच विदर्भातली, आदिवासी, मजुरी करणारी, अनाथ मुलगी. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर पोलिसांनी बलात्कार केला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. १९७६ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती असं म्हणता येत नाही, भीतीने गप्प राहणं वेगळं आणि होकार वेगळा, हे आपल्या नागपूरच्या न्यायमूर्तींनी ओळखलं. पण सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला आणि दोघांना निर्दोष सोडलं.

निकाल आला आणि फायलीत गेला. एक वर्ष कुणी काही बोललं नाही. मग सप्टेंबर १९७९ मध्ये चार जणांनी सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. हे चौघंही कायद्याचे अध्यापक होते. वर्गात जे निकाल शिकवायचे, त्यातलाच हा एक. तो शिकवून पुढच्या पानावर जाणं त्यांना सोपं होतं. पण त्यांनी विचारलं, की पोलीस ठाण्यात बोलावलेली गरीब मुलगी दोन पोलिसांपुढे ओरडेल, झगडेल, अशी अपेक्षा कोर्ट कशी काय करतं? त्या पत्रानंतर देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८० च्या महिला दिनी ठिकठिकाणी मोर्चे निघाले. त्यात नागपूरच्या बायकाही होत्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराला वेगळी आणि कडक शिक्षा आली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तेच धरून चालावं, अशी तरतूद झाली.

मथुराला स्वतःला यातून न्याय मिळाला नाही, हे विसरू नका. पण तिच्यानंतरच्या बायकांना जो कायदा मिळाला, तो वर्ग आणि रस्ता एकत्र आल्यामुळे मिळाला. कॉलेजातली माणसं बाहेर आली आणि बाहेरच्या बायकांनी त्यांचा शब्द उचलला.

आता आजची गोष्ट. सांगायला त्या दोघींची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

आपल्या भागातली एक मुलगी कायदा शिकते. दोन वाहनं बदलून कॉलेजला जाते. घरातली पहिलीच शिकणारी. तिची आई मिरचीच्या सातऱ्यावर जाते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, मिरचीचे देठ खुडायचे, माल निवडायचा, किलोवर मजुरी. दिवसभर हाताची आग, डोळ्यांची आग. घरी आल्यावर लेकराला हात लावता येत नाही. या मजुरीतूनच मुलीची फी जाते.

मुलीला कॉलेजातून वस्त्यांमध्ये कायद्याच्या शिबिराचं काम मिळालं. ती माझ्याकडे आली. म्हणाली, ताई, आपल्या वस्तीतच घेऊ. आम्ही घेतलं. मुलीने फार चांगलं समजावलं. कामाच्या जागी लैंगिक छळ म्हणजे काय, १९९२ साली राजस्थानात भंवरीदेवीवर काय गुदरलं, त्यातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं कशी आली, २०१३ चा कायदा काय म्हणतो. आमच्या कॉलेजात अशी समिती आहे, भिंतीवर तिच्या सदस्यांची नावं लावली आहेत, हेही तिने सांगितलं. आई दुसऱ्या ओळीत बसली होती. काही बोलली नाही.

रात्री घरी गेल्यावर तिने मुलीला विचारलं, "तुह्या कॉलेजात पाटी हाये. आमच्या सातऱ्यावर काऊन नाही वं?" आणि मग बोलत गेली. संक्रांतीच्या सुमारास तिथला मुकादम वजन करायच्या निमित्ताने अंगाला हात लावायचा. नाही म्हटलं तर वजन कमी भरायचं. दोघी-तिघींच्या बाबतीत हेच. हिने काम सोडलं आणि लांबच्या दुसऱ्या सातऱ्यावर जाऊ लागली. तिथे दर कमी. घरात सांगितलं, की तिथलं काम संपलं.

आमचं शिबिर झालं आखाडात. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आली, तिच्या हातात कायद्याचं पुस्तक होतं. तिने मला कलम दाखवलं. तक्रार तीन महिन्यांत करायची. योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. सहा महिने होऊन वर काही दिवस झाले होते. तिला रडू आवरेना. म्हणाली, ताई, मी दोन वर्षं हे शिकतेय, परीक्षेत लिहिलं, आणि माझ्या आईला सांगितलं नाही.

मैत्रिणींनो, तिची चूक नव्हती. माझी होती. त्या संपूर्ण काळात मी त्या वस्तीत येत होते. बचत गटाची वही तपासत होते, रक्तातलं लोह तपासायचं शिबिर घेत होते. समाजकार्याची पदवी घेतलेली मी, मला हा कायदा पाठ आहे. पण माझ्या डोक्यात तो ऑफिसचा, कॉलेजचा, नोकरीवाल्या बाईचा कायदा होता. सातऱ्यावरच्या बाईचाही तो आहे, हे मला ठाऊक होतं, पण मी ते कधी तोंडाने उच्चारलं नाही.

म्हणून आज उच्चारते, नीट ऐका. जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात, किंवा जिथे खुद्द मालकाविरुद्धच तक्रार आहे, तिथल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. रोजंदारीवाली, ठेकेदाराची, किलोवर काम करणारी, धुणीभांडी करणारी, सगळ्या यात येतात. जिथे दहा किंवा जास्त माणसं आहेत, तिथे मालकाने स्वतःची समिती नेमलीच पाहिजे. नेमली नसेल तर त्याला दंड आहे, आणि त्याच्याकडची बाई जिल्ह्याच्या समितीकडे जाऊ शकते. तक्रार लेखी हवी, पण लिहिता येत नसेल तर लिहून देण्याची जबाबदारी समितीची आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. समितीची मुदत गेली तरी पोलिसांत जाता येतं, आज भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ त्यासाठी आहे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा नंबर आहे.

त्या माउलीला आम्ही पोलिसांचा रस्ता सांगितला. ती म्हणाली, "पोरीचं शिक्षण होऊ द्या आधी." आम्ही जबरदस्ती केली नाही. निर्णय तिचा. पण तो मुकादम आजही वजन करतो आहे, हे माझ्या मनातून जात नाही.

कॉलेजातल्या मुलींनाही एक सांगते. भिंतीवर पाटी लागली म्हणजे काम झालं असं नाही. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींच्या तक्रारी आल्या. समितीने चौकशी इतकी घाईत उरकली, की मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कारवाई रद्द केली आणि चौकशी नव्याने करायला सांगितलं. चौदा वर्षांनी! त्या मुलींच्या हाती काय लागलं? समितीवर बसणाऱ्यांना काम शिकवलं नाही, की त्याची किंमत तक्रार करणारीलाच मोजावी लागते. त्याच निकालात कोर्टाने म्हटलं, की कायद्याला इतकी वर्षं होऊनही अंमलबजावणी नीट नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आदेश दिला, की प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा आणि ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समिती स्थापन करा.

तेव्हा आपण काय करायचं? मोठं काही सांगत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा: समितीवर कोण आहेत, कुठे बसतात, आपल्या भागातल्या तक्रारी घेणारा अधिकारी कोण. उत्तर आलं की ती नावं मोठ्या अक्षरात लिहून किराणा दुकानात, अंगणवाडीत, ऑटो स्टँडवर लावायची. आणि कायदा शिकणाऱ्या मुलींनो, शिबिर वर्षातून एकदा नको. मजुरी ज्या दिवशी मिळते त्या संध्याकाळी महिन्यातून एकदा इथे येऊन बसा. भाषण करू नका, फक्त बसा. बायका आपणहून बोलतील. तीन महिन्यांच्या आत बोलतील, एवढंच पाहायचं आहे.

शेवटचं एक. या समितीवर कोण असावं, हे कायद्यात लिहिलं आहे. अध्यक्ष समाजकार्यातली बाई. संस्थांच्या सदस्यांपैकी शक्यतो एकाला कायद्याचं ज्ञान असावं. आणि एक सदस्य त्या भागात काम करणाऱ्या बायकांमधूनच घ्यायची. म्हणजे त्या समितीत मुलीच्या शिक्षणाला जागा आहे, तशी तिच्या आईलाही आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायच्या अर्जात आपण एक नाव सुचवायचं ठरवलं आहे. ते नाव कुणाचं, हे मी त्या माउलीला विचारलं. तिने दोन दिवस मागून घेतले आहेत.