त्वचारोग : मृत्यूच्या आकड्यांत न दिसणारा भार



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने त्वचेविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्वचारोगाने माणूस सहसा दगावत नाही. परंतु त्याचे काम, मजुरी आणि समाजातील स्थान हिरावले जाऊ शकते. केवळ मृत्युदरावरून आरोग्य मोजले, तर ही हानी नजरेआड राहते. म्हणूनच जागतिक बँकेच्या १९९३ च्या जागतिक विकास अहवालाने अकाली मृत्यूबरोबरच विकलांगतेमुळे वाया जाणारी वर्षेही हिशेबात धरली.

त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव असून तिचे तीन थर मानले जातात. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या तळाशी तयार होणाऱ्या पेशी काही आठवड्यांत पृष्ठभागावर येऊन झडतात. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन येथेच तयार होते. मधल्या अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, मज्जातंतू व घर्मग्रंथी असतात. त्याखाली चरबीचा थर असतो.

ही रचना ध्यानात घेतली, की रोग समजणे सोपे जाते. खरजेचा सूक्ष्म परजीवी बाह्यत्वचेत बोगदे करतो. तो स्पर्शाने पसरत असल्याने घरातील सर्वांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. नायटा बुरशीमुळे होतो. त्यावर परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम लावल्यास खाज तात्पुरती थांबते, पण संसर्ग फैलावतो. कोडामध्ये मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. तो संसर्गजन्य नाही.

कुष्ठरोगाचे जंतू मात्र त्वचेबरोबर मज्जातंतूंवरही आघात करतात. चट्ट्यावरील संवेदना जाते. चटका किंवा जखम कळत नाही आणि उपचार लांबल्यास श्रमिकाचे हात-पाय कायमचे अधू होऊ शकतात. वस्तुतः बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होतो आणि ही औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात.

राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दर १०,००० लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. हे ‘सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून दूरीकरण’ होय. रोगाचे समूळ उच्चाटन नव्हे. हा फरक परीक्षेपुरताच महत्त्वाचा नाही. आजही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात. राष्ट्रीय सरासरी खाली आली, तरी काही जिल्ह्यांतील भार कायम राहतो, आणि उद्दिष्ट गाठल्याच्या समाधानात शोधमोहीम मंदावण्याचा धोका असतो.

कायद्यानेही बदलण्यास वेळ घेतला. १८९८ चा कुष्ठरोगी अधिनियम २०१६ मध्ये रद्द झाला. घटस्फोटासाठी कुष्ठरोग हे कारण २०१९ च्या दुरुस्तीने वगळले गेले.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात असतील. जिल्ह्याची सरासरी वाचताना तिच्याआड कोणती गावे दडली आहेत, हे आवर्जून विचारा. बधिर चट्टा वेळीच ओळखला गेला, तर एका कुटुंबाची कमाई वाचते.